फादर स्टीफन्स यांचा सागरप्रवास (इ. स. १५७९) : लिस्बन–गोवा जलमार्गावरील दैनंदिन जीवनाचे एक साधन

प्रस्तावना

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फादर थॉमस स्टीफन्स यांचे स्थान ‘क्रिस्तपुराणा’मुळे निश्चित झाले आहे. साष्टीतील राचोल येथे इ. स. १६१६ मध्ये प्रथम छापल्या गेलेल्या, जवळपास अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाची भाषा, त्याची रचना आणि मराठीविषयी त्यात व्यक्त झालेला आदर यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या मानाने त्याच लेखकाच्या हातून सदतीस वर्षे आधी उतरलेले एक इंग्रजी पत्र मराठी अभ्यासकांकडून काहीसे उपेक्षित राहिले. गोव्यात उतरल्यानंतर अवघ्या सतरा दिवसांनी, १० नोव्हेंबर १५७९ रोजी, स्टीफन्स यांनी इंग्लंडमधील आपल्या वडिलांना प्रवासाचा वृत्तान्त लिहून पाठविला. चरित्रकार या पत्रातून बहुधा दोनच तारखा उचलतात : लिस्बनहून प्रयाण ४ एप्रिल आणि गोव्यास आगमन २४ ऑक्टोबर. या दोन तारखांच्या दरम्यान २०३ दिवस आहेत. एका लाकडी जहाजावर ते दिवस माणसांनी कसे काढले, काय खाल्ले, कशाला भ्याले आणि कशावर विश्वास ठेवला, याची माहिती पत्राच्या मधल्या भागात आहे. प्रस्तुत निबंधाचा विषय तो मधला भाग होय.

पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सत्तेचा इतिहास आपल्याकडे प्रामुख्याने किल्ले, व्हाइसरॉय, तह आणि धर्मसमीक्षण न्यायालय यांच्या अनुषंगाने लिहिला गेला. तो तसा लिहिला जाणे स्वाभाविकच होते. परंतु गोव्यातील सत्तेला लागणारे प्रत्येक पोर्तुगीज मनुष्यबळ, मग तो शिपाई असो, पाद्री असो वा लेखनिक, याच जलमार्गाने येत असे आणि त्यातील बराच हिस्सा वाटेतच नाहीसा होत असे. म्हणून जहाजावरील दैनंदिन जीवन हा राजकीय इतिहासाचाही एक धागा ठरतो.

पत्राचे साक्षीमूल्य

कोणतेही पत्र वाचताना ते कोणी कोणाला लिहिले, हे आधी पाहावे लागते. स्टीफन्स इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातील. १५७५ मध्ये रोम येथे ते येशूसंघात दाखल झाले. कॅथलिक धर्मगुरूंना इंग्लंडमध्ये थारा नसलेल्या काळात ते पूर्वेकडे निघाले. पत्र वडिलांना आहे आणि मुलगा दूर देशी सुखरूप पोचला, हे कळविणे हा त्याचा पहिला हेतू आहे. त्यामुळे वडिलांची चिंता वाढेल असे पुष्कळ काही त्यात गाळले गेले असणार. उदाहरणार्थ, जहाजावरील दुर्गंधी, उंदीर, ढेकूण, शौचाची गैरसोय यांचा त्यात उल्लेख नाही. अशा जहाजांविषयीचे इतर वृत्तान्त मात्र या गोष्टींनी भरलेले आहेत. ही उणीव भरून काढण्यासाठी डच प्रवासी यान हॉयगेन व्हान लिन्सखोटेन याच्या ग्रंथाचा आधार घेणे इष्ट ठरते. तो १५८३ मध्ये, म्हणजे स्टीफन्स यांच्यानंतर चारच वर्षांनी, नवनियुक्त आर्चबिशपांच्या परिवारातून याच मार्गाने गोव्यास आला.

स्टीफन्स यांचे पत्र रिचर्ड हॅक्लुइट यांनी आपल्या प्रसिद्ध प्रवाससंग्रहात छापले. त्यामुळे या पत्रानेच इंग्रज व्यापाऱ्यांना हिंदुस्थानची ओढ लावली, असे विधान वारंवार केले जाते. ते मान्य करणे कठीण आहे. पत्रात मिरी, कापड, जकात किंवा बाजारभाव यांविषयी जवळजवळ अक्षरही नाही. हॅक्लुइट यांना त्यात जे मोलाचे वाटले असेल ते वेगळे होते : वारे, प्रवाह, अक्षांश आणि चुंबकसूचीचे वर्तन. पोर्तुगीजांनी जपून ठेवलेले हे ज्ञान एका प्रवाशाने घरगुती पत्रात सहज लिहून टाकले होते.

वाऱ्याचे वेळापत्रक

लिस्बनहून गोव्याकडे जाणारी जहाजे मार्च किंवा एप्रिलच्या आरंभी सुटत. हे वेळापत्रक राजाचे नव्हते, मोसमी वाऱ्यांचे होते. आफ्रिकेचे दक्षिण टोक जुलैच्या सुमारास ओलांडले, तर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याच्या उत्तरार्धावर स्वार होऊन सप्टेंबरात गोवा गाठता येई. स्टीफन्स लिस्बनला पोचले तेव्हा जहाजे खरे तर निघून गेलेली असावयास हवी होती. काही महत्त्वाच्या कारणाने ती खोळंबली होती आणि स्टीफन्स व त्यांचे सोबती येणार नाहीत असे समजून त्यांच्या जागी दुसऱ्यांची नेमणूकही झाली होती. आठ दिवसांच्या अवधीत त्यांचा प्रवास ठरला. कर्णे आणि तोफांच्या आवाजात पाच जहाजे निघाली. त्यांत खलाशी आणि शिपाई यांच्याखेरीज पुष्कळ मुले होती. समुद्रावर मुले प्रौढांपेक्षा अधिक तग धरतात आणि स्त्रियांचेही बरे निभावते, असे निरीक्षण स्टीफन्स नोंदवितात. या मुलांविषयी पत्रात पुढे एकही वाक्य येत नाही.

सहाव्या दिवशी मदेराजवळील पोर्तो सांतो बेट दिसले, तेव्हा त्यांचे जहाज ताफ्यापासून सुटून एकटे पडले होते. तेथे एका इंग्रज जहाजाने त्यांच्यावर गोळे टाकले. आपल्याच देशबांधवांचे देखणे जहाज चाचेगिरीस लागलेले पाहून स्टीफन्स यांना वाईट वाटले. कॅनरी बेटांजवळ प्रतिकूल वाऱ्यामुळे चार दिवस घुटमळावे लागले. पुढेही १४ मेपर्यंत हवामान इतके वाईट होते की, त्या वर्षी आफ्रिकेचे टोक ओलांडता येईल ही आशा नाविकांनी सोडली होती.

विषुववृत्ताजवळील महिना

प्रवासातील सर्वांत कंटाळवाणा आणि शरीराला सर्वांत घातक टप्पा गिनीच्या किनाऱ्यालगतचा. सहा अंश उत्तर अक्षांशापासून विषुववृत्तापर्यंतचे अंतर कापण्यास त्यांना तीस दिवस लागले. ढगाळ आकाश, विजा, गडगडाट आणि वारा मात्र नाही. मोठ्या जहाजांना ही निर्वात स्थिती वादळापेक्षा जाचक ठरे, कारण त्यांची अवजड शरीरे हलविण्यास जोराचा वाराच लागत असे. तेथील पाऊसही रोगट. साठलेल्या पाण्यात थोड्याच वेळात किडे होत. टांगलेल्या मांसावर तो पडला की मांसातही.

अशा दिवसांत जहाजावरील वेळ अर्ध्या तासाच्या वाळूच्या घड्याळावर मोजली जाई आणि ते उलटे करण्याचे काम लहान पोरांकडे असे. खलाशांना पाळ्या होत्या, शिडांची दोरखंडे होती, पाणी उपसण्याचे पंप होते. शिपाई आणि प्रवासी यांना मात्र उद्योग नव्हता. पत्ते, जुगार, भांडणे आणि प्रार्थना यांत दिवस जात. लिन्सखोटेनने वर्णिलेला एक प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. जहाजावर एका सणाच्या निमित्ताने खोटा सम्राट निवडून सर्व अधिकारी बदलण्याची आणि तीन-चार दिवस मेजवानी करण्याची जुनी प्रथा होती. आपल्याकडील शिमग्याच्या सोंगांशी तिचे साधर्म्य सहज जाणवते. १५८३ च्या मे अखेरीस अशा मेजवानीत शब्दाने शब्द वाढून टेबले उलथली, शंभरेक तलवारी उपसल्या गेल्या आणि खुद्द कप्तान पायांखाली तुडविला गेला. आर्चबिशप आपल्या खोलीतून बाहेर आले म्हणून अनर्थ टळला. विषुववृत्त ओलांडून तेव्हा दोन-तीनच दिवस झाले होते. दाटी, उष्मा आणि रिकामपण यांचा संचित परिणाम म्हणूनच या दंगलीकडे पाहावे लागते. केवळ मद्याचा दोष म्हणून तिची बोळवण करता येत नाही.

स्टीफन्स यांनी हा काळ पाण्याकडे पाहत काढला असे दिसते. कोंबड्याच्या तुऱ्यासारखा रंगीत भाग वर तरंगणारा आणि खाली पाण्यात दोऱ्या सोडलेला एक विषारी जीव त्यांनी नोंदविला आहे. हे वर्णन ‘पोर्तुगीज मॅन ऑफ वॉर’ या नावाने आज ओळखल्या जाणाऱ्या जीवाशी तंतोतंत जुळते. पावसाळ्यात मुंबईच्या चौपाट्यांवर हा जीव वाहून येतो. माणसाएवढे लांब शार्क मासे जहाजाबरोबर चालत. त्यांच्या पुढे-मागे निळ्या-हिरव्या पट्ट्यांचे सहा-सात छोटे मासे सेवकांसारखे वावरत आणि काही मासे त्यांच्या अंगालाच चिकटलेले असत. खलाशी पूर्वी शार्क खात असत. परंतु त्यांनी माणसे खाल्लेली पाहिल्यापासून त्यांना त्यांची शिसारी आली होती. तरीही मोठे गळ टाकून ते शार्कना वर ओढीत आणि सूड उगविल्याच्या समाधानाने मारीत. उडत्या माशांचे वर्णन तर एखाद्या निसर्ग अभ्यासकाला शोभावे असे आहे : पाण्यात कुप्याच्या जातीचा मोठा मासा मागे लागलेला, हवेत समुद्रपक्षी टपलेला आणि मधल्या मधे हा हेरिंगएवढा जीव.

शिधा आणि चूल

जहाजावरील अन्नाविषयी लिन्सखोटेन नेमके आकडे देतो. प्रत्येकास रोज पावणेदोन पौंड (सुमारे ८०० ग्रॅम) बिस्किट, एक कॅन पाणी, अर्धा कॅन मद्य आणि महिन्याला ३२ पौंड खारवलेले मांस मिळे. शिवाय थोडा सुका मासा. कांदा-लसूण प्रवासाच्या आरंभीच संपवीत. बिस्किट म्हणजे दोनदा भाजून कोरडा केलेला कडक पाव. लिस्बनजवळ व्हाले द झेब्रू येथे राजाच्या मालकीच्या भट्ट्यांत तो तयार होई.

कागदावर हा शिधा अपुरा नाही. दिवसाला जवळजवळ अर्धा किलो मांस त्या काळच्या युरोपीय शेतकऱ्याला क्वचितच मिळत असेल. अडचण प्रमाणाची नव्हती, प्रकाराची होती. मिठात मुरलेले मांस आणि मोजके पाणी एकत्र आले की तहान भागत नाही आणि पिंपातील पाणी उष्ण कटिबंधात पोचेपर्यंत नासलेले असे. ताजी भाजी वा फळ या यादीत कोठेच नाही. साखर, मध, मनुका, सुके आलुबुखारे, तांदूळ हे पदार्थ आजाऱ्यांसाठी राखीव असत. ते अधिकारी स्वतःच फस्त करीत आणि आजाऱ्यांना थोडेच मिळे, अशी लिन्सखोटेनची तक्रार आहे. सर्वांत लक्षणीय बाब अशी की, शिधा कच्चा मिळे. लाकूड, भांडी आणि शिजविण्याची व्यवस्था ज्याची त्याने करावयाची. लाकडी जहाजावर आगीची भीती मोठी, म्हणून चुलीवर पहारा असे आणि वारा वाढला की ती विझविली जाई. ज्याच्याजवळ नोकर वा गुलाम होता त्याचे भांडे चुलीवर लागे. एकट्या आजारी शिपायाने काय करावयाचे? हा प्रश्न कोणत्याही नियमावलीने सोडविलेला नव्हता. एकाच जहाजावर, एकाच शिध्यावर राहणाऱ्या माणसांत कोण जगले आणि कोण गेले, याचे उत्तर शोधताना चुलीपर्यंतची ही वाट विसरून चालणार नाही.

पक्षी, सूची आणि अंदाज

अक्षांश सूर्यावरून काढता येई. रेखांश काढण्याचे विश्वसनीय साधन नव्हते. जॉन हॅरिसन यांचे सागरी घड्याळ येण्यास अद्याप जवळपास दोन शतके होती. ही उणीव पोर्तुगीज नाविक कशी भरून काढीत, हे स्टीफन्स यांनी बारकाईने टिपले आहे. पूर्वी या मार्गाने गेलेल्यांनी दिसलेला प्रत्येक पक्षी, आकाशातील आणि पाण्यातील प्रत्येक खूण लिहून ठेवलेली असे. त्या वह्या, स्वतःचा अनुभव आणि वाऱ्याच्या जोरावरून केलेला अंतराचा अंदाज यांचा मेळ घालून पायलट आपले स्थान ठरवी. आफ्रिका जवळ येऊ लागली तसे हजारो पक्षी जहाजामागे येऊ लागले. काहींचे पसरलेले पंख सात विती भरत. खलाशांनी त्यांना शेपटीवरून आणि पंखांवरून नावे दिली होती. मखमली बाह्यांचा म्हणून ओळखला जाणारा पक्षी सर्वांना प्रिय, कारण तो टोकाच्या अगदी जवळ दिसे.

सर्वांत महत्त्वाचे साधन चुंबकसूचीचे विचलन. अझोर्समधील साव मिगेल बेटाच्या रेखांशावर सूची नेमकी उत्तर दाखवी, तेथून पुढे पूर्वेकडे ढळे आणि आफ्रिकेच्या टोकाशी पुन्हा उत्तरेस येई. टोकाजवळच्या भूशिराला ‘आगुल्हास’, म्हणजे ‘सुया’, हे नाव यावरूनच पडले. हे कोष्टक गणिताने सिद्ध झालेले नव्हते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदींतून ते तयार झाले होते. खलाशांचे ज्ञान अशिक्षितांचे ज्ञान होते, या रूढ समजुतीला येथे छेद जातो. मात्र आपल्या नेहमीच्या अनुभवावर विसंबून पडताळा न पाहणारे पायलटही असत, हेही स्टीफन्स स्पष्टपणे सांगतात.

अशाच एका चुकीने २९ जुलै रोजी जहाज संकटात सापडले. वारा अनुकूल आहे अशा समजुतीने पायलटने जहाज किनाऱ्याच्या फार जवळ नेले. वारा दक्षिणेकडे फिरला, लाटांनी जहाज आगुल्हासपासून सहा मैलांवर, चौदा वावांहून कमी पाण्यात ढकलले. तळाशी धारदार खडक, नांगर टिकेनात. अखेर जमिनीकडून अचानक वारा सुटला आणि जहाज वाचले. किनाऱ्यावर वाघ आणि परक्यांना ठार मारणारे रानटी लोक आहेत, असे स्टीफन्स लिहितात. त्यांच्यापैकी कोणीही तेथे पाऊल ठेवले नव्हते आणि दक्षिण आफ्रिकेत वाघही नाहीत. खलाशांच्या पक्ष्यांविषयीच्या नोंदी प्रत्यक्ष पाहण्यातून आलेल्या आणि माणसांविषयीचे मत ऐकीव, हा फरक पत्राच्या वाचकाने लक्षात ठेवावयास हवा. दुसऱ्या दिवशी त्याच जहाजावरील लोक मासे पकडण्यात गर्क झाले. दीड दिवस सर्वांना पुरतील इतके मासे मिळाले.

बाहेरची वाट

आफ्रिकेचे टोक ओलांडल्यावर दोन मार्ग होते. मादागास्करच्या आतून गेल्यास मोझांबिक येथे पंधरा दिवस ते महिनाभर विसावा मिळे. तेथून गोवा आणखी एका महिन्याच्या अंतरावर. लिन्सखोटेन या मार्गाने आला आणि १६६ दिवसांत पोचला. उशीर झालेल्या जहाजांना मात्र बेटाच्या बाहेरून जावे लागे आणि त्या वाटेवर एकही बंदर नव्हते. स्टीफन्स यांच्या वाट्याला ही दुसरी वाट आली. २९ जुलैपासून गोव्यापर्यंतचे ८७ दिवस त्यांनी जमिनीचा स्पर्श न होता काढले. त्याआधीचे ११६ दिवसही तसेच गेले होते.

येथे पत्रातील सर्वांत महत्त्वाचा परिच्छेद येतो. हिरड्या सुजतात, वाढतात, त्या कापून टाकाव्या लागतात. पाय सुजतात, सर्वांग ठणकते, हातपाय हलेनासे होतात आणि माणूस अशक्तपणाने मरतो. हे स्कर्व्हीचे अचूक वर्णन आहे. शरीरातील ‘क’ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन महिन्यांत संपतो, हे आज ज्ञात आहे. त्यामुळे मोझांबिकची फळे मिळणे न मिळणे हा जीवनमरणाचा प्रश्न होता. जेम्स लिंड यांचा लिंबूवर्गीय फळांचा प्रयोग १७४७ चा आणि ब्रिटिश नौदलात लिंबाच्या रसाचे वाटप सुरू झाले ते १७९५ मध्ये. तोपर्यंत या मृत्यूंना हवा, पाणी किंवा ईश्वरेच्छा अशी कारणे दिली जात.

दीडशेहून अधिक माणसे आजारी पडली. त्यांपैकी सत्तावीस दगावली. इतर वर्षांच्या मानाने ही हानी फारशी नव्हे, असे जहाजावरील लोकांचे मत स्टीफन्स सहज नोंदवून जातात. या सहजतेतच त्या व्यवस्थेचे स्वरूप उघड होते. मृत्यूचा एक ठरावीक हिस्सा प्रवासखर्चासारखा गृहीत धरलेला होता. मेलेल्यांपैकी एकाचेही नाव पत्रात नाही. ते खलाशी होते की शिपाई, लिस्बनला चढलेल्या मुलांपैकी त्यांत किती होती, हे विचारण्याची गरज लेखकाला वाटली नाही. आणि हा तर दयाधर्म हेच ज्याचे व्रत, असा मनुष्य होता. स्वतः स्टीफन्स मात्र, अनेकांच्या अपेक्षेविरुद्ध, संपूर्ण प्रवासात निरोगी राहिले.

विषुववृत्त पुन्हा ओलांडल्यावर शिधा जवळजवळ संपला. अकराव्या अंशानंतर माशांचे प्रचंड थवे जहाजाभोवती चालू लागले आणि पंधरा दिवस सर्वांनी केवळ मासेच खाल्ले. दोन ससाणे हाती लागले, तेव्हा हिंदुस्थान आला म्हणून आनंद झाला. पण पक्षी अरबस्तानचे निघाले. प्रवाहाने जहाज नकळत वायव्येकडे, सोकोत्र्याजवळ ओढून नेले होते. पुढे वारा फिरला आणि ते मार्गावर आले.

किनाऱ्याच्या खुणा

मग क्रमाने हिंदुस्थानचे पक्षी, माडाच्या झावळ्या आणि शेवटी पाण्यावर पोहणारे साप दिसले. सापांबरोबर नाण्यासारखे गोल, ठसा उमटल्यासारखे काही तरंगत होते; तो बहुधा ‘पोर्पिटा’ नावाचा निळा समुद्रजीव असावा. साप दिसले की दुसऱ्या दिवशी जमीन, हा नाविकांचा पक्का आडाखा होता. हिंदुस्थानचा किनारा सापांवरून ओळखण्याची ही रीत पोर्तुगीजांची नव्हे. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथातही ती आढळते. दीड हजार वर्षे एकच खूण निरनिराळ्या भाषांच्या खलाशांनी वापरली.

२४ ऑक्टोबर रोजी जहाज गोव्यास लागले. ही तारीख जुन्या पंचांगाची; आजच्या गणनेने ती ३ नोव्हेंबर येते. पत्राच्या अखेरीस स्टीफन्स नव्या देशाविषयी थोडेच लिहितात. लोकांच्या वस्त्रांविषयीचे त्यांचे शेरे नवख्या युरोपीयाचे आहेत; याच लोकांच्या भाषेत आपण पुढे पुराण रचू, याची त्यात चाहूलही नाही. द्राक्षवेल वगळता युरोपात पाहिलेले एकही झाड येथे दिसले नाही, असे ते कळवितात. आणि या देशातील पेयांची नोंद करताना माडीच्याही आधी, दोनशेहून अधिक दिवस पिंपातील पाण्यावर काढलेला हा प्रवासी येथील चांगल्या पाण्याचा उल्लेख करतो.